काटा पाऊणवर

३ एप्रिल, सकाळी सात.
आजपासून रागावणं बंद. थीरा सात मेला भिक्खू होणार. मिरवणुकीत पोरगा बापाच्या गाडीत बसेल, मग विहारात मी माझ्या हातांनी त्याला भगवं चीवर देईन. त्या चीवराचं टोक धरून आईबाप स्वर्गात जातात. वीस वर्षं थांबलोय. गाडी तेवढी नाही. थवीकडे जुनी पिकअप पडून आहे. बायकोचा सख्खा मोठा भाऊ, नाही कसा म्हणेल.

दुपारी.
नाही म्हणाला.
म्हणे, दाजी, चार लाख शहाऐंशी हजार किलोमीटर झालेत, आता तिला बसू द्या. मिरवणुकीला माझी नवी गाडी न्या. म्हणजे माझ्या पोराने मामाच्या गाडीतून मिरवायचं आणि बापाने मागून धूळ खात चालायचं. अंगाचा तिळपापड झाला. रागावणं उद्यापासून बंद.

९ एप्रिल.
तिसऱ्यांदा गेलो. या वेळी दोष मोजून दाखवले. क्लच घसरतो. डावा दरवाजा आतून उघडत नाही. डिझेलचा काटा पाऊणवर अडकलाय, किलोमीटर बघून डिझेल भरावं लागतं. स्वतःच्या मालाचे एवढे दोष कोण सांगतो? ज्याला द्यायचा नसतो तो. मी काय काल जन्मलो? बायको, लमाई म्हणाली, अहो, दादा खोटं बोलत नाही. ती असंच म्हणणार. माहेरची बाजू.

१२ एप्रिल.
घेतली. त्याने किंमत फारच कमी सांगितली. सरळसरळ अपमान. मी जास्त दिली. टाकी भरून दिलीय म्हणाला, वर उपकार.
गाडी निळी. मी रविवारचा, रविवारी जन्मलेल्याला निळी बाधते. दुसरा रंग लिहिला की बाधा टळते, म्हणून मागच्या काचेवर स्टिकर लावला : ‘ही गाडी लाल आहे’. आरशाला माळ बांधली, गाडीत वसणाऱ्या देवीपुढे केळी आणि लाल सरबत ठेवलं. स्टिकर बघून थवी हसला. लक्षात ठेवलंय.

१९ एप्रिल.
रोज बाजार, दोनदा सासुरवाडी, तरी काटा पाऊणवर. डिझेल जवळजवळ पीतच नाही. असली गाडी तो का सोडत नव्हता ते आता कळलं. लबाड.

२८ एप्रिल.
पुलाच्या चढावर गाडी मागे आली. चढ चुकीचा बांधलाय. सासूबाई डाव्या बाजूला अर्धा तास अडकल्या. उजवीकडून उतरा म्हटलं तर मलाच बोलल्या.
थवीचा फोन. दाजी, डिझेल कधी भरलंत? म्हटलं, तू तुझ्या नव्या गाडीची काळजी कर. फोन आपटला. काच फुटली. तीही त्याच्यामुळेच.

७ मे, पहाटे पाच.
गाडी धुतली. मागे गादी, वर छत्री. काटा पाऊणवर. आज कुणावरही रागवायचं नाही.

७ मे, दुपारी चार.
निम्म्या वाटेत गचके देऊन बंद पडली. मागे थीरा, मुंडण केलेला, पांढऱ्या कपड्यांत. विहारात पोचेपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. पुढे नाचणाऱ्या बाया थांबल्या. कुणीतरी म्हणालं, लाल गाडी लाजली वाटतं. सगळे हसले.
थवी आला. डिझेल संपलंय म्हणाला. मी काटा दाखवला. तो पाठ करून उकिडवा बसला आणि भाच्याला खांद्यावर घेतलं. एकसष्टचा आहे, गुडघे गेलेत, तरी उठला.
लमाई म्हणाली, अहो, गाडी राहू द्या, चला. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, ही आत्ता चालू होते. गाडी टाकून गेलो असतो तर थवी खरा ठरला असता.
बॉनेट उघडलं. बॅटरीच्या वायरी हलवल्या. चाकाला लाथ घातली, अंगठा सुजलाय. शेवटी एका शेतातल्या पंपाचं डिझेल आणून ओतलं. तरी चालू व्हायला तास घेतला.
पोचलो तेव्हा जेवणं चालली होती. विहाराचे महास्थविर थांबले नाहीत म्हणे. चीवर थवीने दिलं. लमाई म्हणाली, पोरगं सारखं दाराकडे बघत होतं.
कुणालाही माफी नाही. महास्थविरांनाही.

८ मे, सकाळी.
थीरा भिक्षेला आला. अनवाणी. त्याच्या पात्रात चिकट भात घातला. आता मीच त्याच्यापुढे गुडघे टेकायचे. चीवराचं टोक नाकापासून वीतभर होतं. तिथे हात लावायची रीत नाही. आशीर्वाद म्हणून पुढे गेला. तो वळणाआड जाईपर्यंत तसाच बसून राहिलो. अंगठा सुजलाय म्हणून.
स्टिकर खरवडायला घेतला. ‘लाल आहे’ निघालं, ‘ही गाडी’ राहिलं.
काटा पाऊणवर.
थवीशी या जन्मात बोलणार नाही, हे नक्की. फक्त एकदा विचारायचंय, देताना चीवर हाताला जड लागतं का.