सरोजिनीच्या डॉक्टरांना मी दिलेले उत्तर

मी, सुमंत रघुनाथ निसळ, वय ६८, भूमी अभिलेख खात्यातील निवृत्त भूकरमापक, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर हलले आहे ते वयामुळे नाही. मला भीती वाटते.

दोन महिने खोकला आहे. गेल्या आठवड्यात थुंकीत रक्त दिसले. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग आहे. उद्या सीटी स्कॅन. डॉक्टर म्हणाले, डाग कर्करोगाशिवाय दुसऱ्या कशाचाही असू शकतो, पण चाळीस वर्षे सिगारेट ओढल्यावर थांबून बघणे बरे नाही. सहा वर्षांपूर्वी सोडली, त्याने धोका कमी झाला. पुसला गेला नाही. रात्रंदिवस मी माझाच श्वास ऐकत बसतो. हा आजार कसा मारतो ते मी या घरात पाहिले आहे.

१. सावेडीचा फ्लॅट मुलगी मनवा व मुलगा शौनक यांना समान वाट्याने द्यावा. बँकेत जे असेल तेही तसेच.

२. खात्याच्या लिलावात घेतलेले जमीन मोजणीचे प्लेन टेबल, तिवई व साखळी मनवाला द्यावी. ती पॉलिटेक्निकला शिकवते, तिला किंमत कळेल. या साखळीबरोबरच माझी सिगारेट सुरू झाली. मोजणीला गेलो की दोन्ही बाजूंचे शेतकरी पाकीट पुढे करत. एकाची घेतली आणि दुसऱ्याची नाकारली तर तो म्हणे, साहेब तिकडचे झाले. म्हणून दोघांचीही ओढायची. पुढे कोणी देण्याची गरज उरली नाही.

३. हे कलम मिळकतीचे नाही. वकीलबाईंनी ते वेगळ्या पत्रात लिहा म्हणून सुचवले. मी ऐकले नाही.

माझी पत्नी सरोजिनी फुफ्फुसाच्या कर्करोगाने २०१९ साली गेली. तिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी तिला विचारले, "घरात कोणी ओढतं का?"

तिच्याआधी मीच म्हणालो, "नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनी मग चुलीचे विचारले. मी सांगितले, माहेरी पुणतांब्याला लग्नापर्यंत चुलीवरच स्वयंपाक होता. त्यांनी लिहून घेतले. जिन्यात सरोजिनी एवढेच म्हणाली, "तुम्ही घाबरलात, म्हणून मी गप्प बसले." त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही.

चुलीची गोष्ट मी नातेवाइकांत इतक्यांदा सांगितली की ती खरी होऊन बसली. ती सासूबाईंच्या कानावर गेली. त्यांचा मुलगा अमृत याने ती चूल फोडून ओढ्यात टाकली. सासूबाई पुढे दोन वर्षे जगल्या, आणि येईल त्याला सांगत राहिल्या, "मीच माझ्या लेकीला धूर पाजला." मी समोर बसून ऐकत असे. एकदा तर त्यांची समजूतही घातली.

त्या गेल्यानंतर मी दुसऱ्या डॉक्टरांना सगळे खरे सांगून विचारले. ते म्हणाले, एका माणसाबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही. चुलीच्या धुरानेही धोका वाढतो. पण बंद घरात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर घेणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. आमच्या झोपण्याच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि थंडीत मी ती लावून घेत असे.

४. शौनक सिगारेट ओढतो. सोडली तरच वाटा, अशी अट घालू का, असे वकीलबाईंनी विचारले. घालू नये. सरोजिनीने मला मुलांच्या शपथा घातल्या होत्या. त्यांनी सुटली नाही. गेल्या दिवाळीत शौनकला बोललो, तेव्हा तो हसून म्हणाला, "बाबा, तुम्ही चाळीस वर्षं ओढली. तुम्हाला काय झालं?" त्याची तीन वर्षांची मुलगी दिशा त्याच्या पायाला मिठी मारून उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येऊ लागला.

५. शेवटी नळ्या घालायच्या की नाहीत, याचा कागद वेगळा केला आहे. तो मनवाकडे आहे. तिने रडत न बसता डॉक्टरांना दाखवावा.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. दिशासाठी तेवढे थांबणे मला परवडणारे नाही. म्हणून आज सकाळी शौनकला बोलावून वरील मजकूर वाचायला दिला. त्याने उभ्यानेच वाचला. तिसरे कलम दोनदा वाचले. "उद्या किती वाजता?" एवढेच विचारले. मी साडेदहा सांगितले. तो गॅलरीत गेला. ओढायला गेला की रडायला, ते मला पाठीमागून कळले नाही, आणि जाऊन बघण्याचे धैर्य झाले नाही.

दुपारी पुणतांब्याहून अमृत आला. चार वर्षांनी त्याने या घरात पाऊल ठेवले. त्याला साक्षीदार म्हणून बोलावले होते. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण मी वाचायला लावला. मी क्षमा मागितली नाही. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "भावजी, हे आईला कळायला हवं होतं."

मग त्याने चष्मा पुसला आणि सही कुठे करायची ते विचारले.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सुमंत रघुनाथ निसळ (सही)

साक्षीदार :
१. अमृत विष्णू धनेश्वर, पुणतांबा, ता. राहाता (सही)
२. गोरक्षनाथ किसन वाकळे, शेजारी, सावेडी (सही)

स्थळ : सावेडी, अहिल्यानगर
दिनांक : १२ ऑक्टोबर २०२५, रविवार