तीन वाजताची नोंद

१४ मार्च, सकाळी

चि. खारूस,

आशीर्वाद. तुझी निमंत्रणपत्रिका पोचली. जाड कागद, सोनेरी अक्षरं, आणि मी चक्क 'प्रमुख पाहुण्या'! सोबत तुझी चिठ्ठी: "मावशी, नवा ट्रेनिंग हॉल तुझ्याच हातून उघडायचा. नव्या मुलींना दोन शब्द सांग."

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो नोकरीत असल्यापासून युनियनचा पुढारी आहे, त्याचं मी मनावर घेत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नवा मिक्सर घेतलाय, हे सकाळी सहाला साऱ्या इमारतीला कळतं. तुझा नवरा बरा असेल.

दोन शब्द म्हणतेस, तर तयारी केली आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर तयारीशिवाय तोंड उघडू द्यायच्या नाहीत. ऐक.

"मुलींनो, आपलं औषध पाण्यात टिकत नाही. म्हणून ते बारीक गाळणीतून काढून कण अडवायचे, व्हायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्यांत भरायचं, गोठवायचं आणि ड्रायरमधली हवा ओढून घ्यायची. मग बर्फाचं पाणी न होता सरळ वाफ होते आणि मागे पांढरा, हलका केक उरतो. आत बर्फ असताना गरम केलंत, तर तो केक वितळून तळाला बसतो, चघळून थुंकल्यासारखा. चार्टवर ड्रायरमधल्या दाबाच्या, दोन वेगळ्या मापकांच्या, दोन रेघा असतात. लाल रेघेला वाफ फसवते, म्हणून ती वर राहते. निळी फसत नाही. वाफ संपली की लाल खाली येते आणि निळीला मिळते. रेघा मिळाल्याशिवाय तापमानाला हात लावायचा नाही."

तुला तोंडपाठ आहे हे. माझ्या हाताखाली आलीस त्या पहिल्याच दिवशी तू कुरकुरली होतीस, "मावशी, तासन् तास नुसत्या रेघा बघत बसायचं?" मी म्हटलं, "इथे मावशी नाही, मॅडम. आणि हो, बसायचं." त्यावर तू दिवसभर मॅडम मॅडम केलंस आणि जेवणाच्या सुट्टीत माझाच डबा फस्त केलास.

गेल्या गुरुवारी रेकॉर्डरूमवाली घरी आली होती. सहा वर्षांपूर्वीचे कागद आता नष्ट करायचे आहेत म्हणे. त्यातला एक चार्ट तिने पिशवीतून काढला. "मॅडम, तुमची सही दिसली. फाडवेना." कारखान्याचा कागद बाहेर आणला म्हणून आधी मी तिला झापलं, मग चहा दिला.

कुठला चार्ट ते तू ओळखलं असशील. बारा हजार व्हायल. सगळ्यांचा केक बसलेला, सगळ्या फेकाव्या लागल्या.

त्या दिवशी दुपारी मी इस्पितळात तुझ्या आईच्या उशाशी होते. तीन वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला.

"मावशी, रेघा मिळाल्या. वाढवू तापमान?"

"नक्की मिळाल्या ना? मग वाढव."

चौकशीत तू सांगितलंस, "मॅडमनी फोनवर वाढवायला सांगितलं." खोटं एक अक्षर नाही. माझं पहिलं वाक्य तेवढं गाळलंस. मी म्हटलं, हो, सांगितलं. मला वाटलं, पोरगी आईच्या काळजीत आहे, बघण्यात चूक झाली असेल. आपल्या पोरीची चूक आपण अंगावर घ्यावी. निवृत्तीला पाच महिने असताना मी घरी बसले. एकतीस वर्षांनंतर निरोपाला फाटकावरचा पहारेकरी तेवढा उभा राहिला. माझी खुर्ची तुला मिळाली, तेव्हा पेढे मी वाटले.

पण मी तुम्हाला एक सवय लावली होती, आठवतं? दर अर्ध्या तासाला रेघांकडे बघायचं आणि चार्टच्या कडेला आपल्या हाताने नोंद करायची. तू ती पाळलीस. सवय वाईट असते, माणूस खोटं बोलायला निघाला तरी हात आपलं काम करून जातो. तुझं गोल गोल अक्षर आहे: "३.००. रेघा अजून लांब."

तीनला लांब, तीन दहाला मिळाल्या? दहा मिनिटांत इतका बर्फ उन्हात ठेवला तरी जात नाही. चारला मोठे साहेब येणार होते, आणि आपण काम किती लवकर उरकतो ते तुला त्यांना दाखवायचं होतं. मला फोन केलास तो विचारायला नाही. नाव लावायला माणूस हवा होता.

नोकरीचं सोड. तुझी आई जाईपर्यंत माझा हात धरून म्हणायची, "ताई, माझ्या उशाशी जागून तुझी नजर चुकली गं. माझ्यामुळे तुझं नाव गेलं." तू तिथेच, खाटेच्या पायथ्याशी, चादर नीट करत असायचीस. एकदा तरी म्हणायचंस, "आई, तुझ्यामुळे नाही." ती माफी मागत गेली, खारू. तुझ्या वाटची.

इथे पत्र संपवणार होते. पण कागद समोर पडलाय आणि त्याच्या तळाशी 'तपासले' या शब्दापुढे माझी सही आहे.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून मी थेट कामावर आले. तू चार्ट गुंडाळून पुढे केलास, सहीपुरता कोपरा उघडा. मी सही केली. न बघता. उघडला असता तर तुझी नोंद तेव्हाच दिसली असती. आणि चौकशीत मी चार्ट मागवला नाही तो तुझ्या मायेपोटीच, असं सहा वर्षं स्वतःला सांगत आले. तो उघडला असता, तर मॅडम डोळे मिटून सह्या करतात, हेही सगळ्यांना कळलं असतं. त्याची मला जास्त भीती होती.

बावीस तारखेला मी येईन. चार्ट घेऊन येईन. आधी माझी सही मुलींना दाखवीन आणि ती कशी केली ते सांगेन. मग कागद तुझ्या हातात देईन. तीन वाजताची ओळ तू वाचायचीस, मोठ्याने.

नाही वाचलीस, तर मीही वाचणार नाही. कागद पहिल्या रांगेत देईन आणि खाली बसेन. चार्ट कसा वाचायचा, ते तू त्यांना शिकवलंच असशील.

तुझ्या आईची
ताई