अकमूरचं जाकीट

कराकोल,
सोमवार, २१ ऑक्टोबर

प्रिय झिपार,

तू बिश्केकला सुखरूप पोचलीस हे तुझ्या लेकीकडून कळलं. बरं झालं. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. सोबत सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडी आहेत, त्या नातीसाठी. तुझ्यासाठी नाहीत, हे आधीच लिहिलेलं बरं.

इथे थंडी पडली आहे. वाचनालय अजून गरम करत नाहीत, त्यामुळे आपल्या चित्रकलेच्या वर्गात सगळे कोट घालूनच बसतात. पोस्टातल्या बाईनं परवा पुन्हा सहा पेन्सिली काढल्या. मी म्हटलं, "पाच म्हणजे पाच. आधी रंग निवडा, कागदाच्या कडेला एकावर एक चढवून बघा, मग डबा बंद." तर म्हणते, "एजे, नवरा निवडताना मी एवढा विचार केला नव्हता." मी म्हटलं, "मग इथे तरी कर." सगळे हसले. तूही हसली असतीस.

आता मंगळवारचं सांगते. तुला ठाऊक आहेच, पण माझ्या तोंडून ऐक.

वाचनालयाच्या मायरामकान बाईंनी मला चहाला बोलावलं आणि माझी वाटी काठोकाठ भरली. सहा वर्षं ही बाई मला अर्धी वाटी देत आली, पुन्हापुन्हा ओतता यावी म्हणून. भरलेल्या वाटीचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. प्या आणि उठा. वर गोड आवाजात म्हणाल्या, "बुरुल एजे, आता डोळ्यांना जरा विश्रांती द्या. झिपार आहेच वर्ग बघायला."

माझ्या डोळ्यांचं फक्त तुला माहीत होतं. माझ्या पोटच्या पोरीलाही मी सांगितलं नव्हतं. मोतीबिंदूमुळे मला जांभळा आणि तपकिरी एकसारखे दिसायला लागले, तेव्हा तूच माझ्या पेन्सिलींच्या मागच्या टोकांना सुरीनं खाचा पाडून दिल्यास. जांभळीला एक, निळीला दोन. सख्ख्या थोरल्या बहिणीला म्हणावं तसं "एजे, एजे" करत. म्हणालीस, "हे आपल्या दोघींतच राहील." ह्याला केसानं गळा कापणं म्हणतात, झिपार. दुसरा शब्द मला सापडला नाही, आणि मी तीन दिवस शोधत होते.

तू म्हणशील, तोलोगोनचं काय?

हो. तोलोगोनचं मी टाळत होते.

त्याच्या मुलानं पाठवलेल्या त्या नव्या डब्यातल्या पेन्सिलींना खाचा नव्हत्या. बायकोचं मखमली जाकीट काढायला त्यानं पाच रंग निवडून ठेवले होते. मी तोऱ्यात म्हटलं, "ही पेन्सिल मळकट आहे, मखमलीला खोल जांभळा हवा," आणि त्याच्या हातातली काढून घेऊन डब्यातली दुसरी दिली. माझ्या मते जांभळी. ती तपकिरी होती. तीन आठवडे तो म्हातारा बसड्रायव्हर थरावर थर चढवत राहिला, आणि शेवटी पांढऱ्या पेन्सिलीनं दाबून घोटलंही. घोटल्यावर खोडता येत नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

आणि तू त्याच्या शेजारी बसली होतीस. तीनही शनिवार. तुझे डोळे चांगले आहेत. पहिल्या दिवशी टेबलाखालून माझा पाय दाबला असतास तरी पुरलं असतं. तू गप्प बसलीस, चित्र पुरं होऊ दिलंस आणि मग मायरामकान बाईंच्या कानावर घातलंस. चुगलीचं मला एवढं वाईट वाटत नाही. त्या गप्प बसण्याचं वाटतं.

परवा शनिवारी मी वर्गाला सगळं सांगून टाकलं. डोळे, खाचा, सगळं. मग तोलोगोननं त्याचं चित्र पिशवीतून बाहेर काढून समोर ठेवलं. म्हणाला, "एजे, अकमूरचं जाकीट जांभळं होतं. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही शिकलेल्या. मलाच नीट आठवत नसेल. चार वर्षं झाली तिला जाऊन."

झिपार, मी त्या माणसाला त्याच्या बायकोबद्दल शंका घ्यायला लावली. मला तिथेच रडू आलं, सगळ्यांसमोर. त्यानंच मला पाणी आणून दिलं.

आणखी एक लिहायचं आहे, ते जड जातं आहे. सहा वर्षांत मी तुला एकही धडा घेऊ दिला नाही. तू दोनदा विचारलंस. मी म्हटलं, "तुझा हात अजून कच्चा आहे." हात कच्चा नव्हता. तू पुढे उभी राहिलीस तर मला कोण विचारेल, ही भीती होती. तेव्हा वर्गावर तुझा हक्क नाही असं मी म्हणत नाही. तू आधी माझ्याकडे आली असतीस तर मी दोन दिवस भांडले असते, तुला नाही नाही ते बोलले असते, आणि तिसऱ्या दिवशी खोलीची किल्ली तुझ्या हातात दिली असती. तुला मी इतकीही कळले नाही का?

आज सकाळी मायरामकान बाईंना सांगून आले. तू लेकीकडून परत आलीस की येत्या शनिवारपासून वर्ग तुझा. पोस्टातल्या बाईवर लक्ष ठेव. तोलोगोनला नवा कागद दे आणि त्याचे पाच रंग त्यालाच निवडू दे.

माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तिथेच बिश्केकला. लेक येणार आहे सोबत. तू इस्पितळात येऊ नकोस. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा कोणाचं तोंड बघायचं, हे मी पूर्वी ठरवलं होतं. आता ते तुझं नको.

जिला तू आधी सांगायला हवं होतंस, ती
बुरुल