बाबांच्या बोलक्या डब्याचा कर्नल

४ नोव्हेंबर, सोमवार

बाबांचा संगणक बंद पडला. बटण दाबले की नुसते बीप बीप, मग शांतता. खरा प्रश्न संगणकाचा नाहीच, त्याला जोडलेल्या बोलक्या डब्याचा आहे. पडद्यावर उमटलेली अक्षरे हा डबा मोठ्याने वाचतो. दृष्टी गेल्यापासून बाबांची वर्तमानपत्रे, पुस्तके, जुन्या मित्रांची पत्रे — सारे त्याच्याच तोंडून. संगणक गेला, त्यामुळे डबाही मुका.

दुरुस्तीवाला संध्याकाळी येऊन गेला. तरुणपणी बाबांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात शिकलेला. अजूनही त्यांना ‘मास्तर’ म्हणतो. बाबांच्या खोलीत दार लोटून बराच वेळ खुडबुड चालली होती. बाहेर येऊन मान हलवली. “मदरबोर्ड गेला, साहेब. इतका जुना आता मिळायचा नाही.” एक पैसा घेतला नाही. भला माणूस!

“हे सगळं धाकट्यानं जमवून दिलं होतं,” बाबा म्हणाले. “त्यालाच विचार.”

मी विषय बदलला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

धाकट्या भावाविषयी एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांच्या देखत, तो म्हणाला — “दादा, तू बी.कॉम.! तुला दोनच गोष्टी येतात. बेरीज आणि संशय.” पाहुणे हसले. सौ.सुद्धा हसली! तेव्हापासून आमचे बोलणे नाही. विषय संपला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर संगणकांचे दुकान गाठले. डब्याची केबल ज्या सिरियल पोर्टमध्ये बसते तो पोर्ट नव्या संगणकांना नसतोच, असे कळले. एका चिमुकल्या बोर्डावर मात्र सोय आहे. पत्त्यांच्या जोडाएवढा अख्खा संगणक! घेतला.

घरी येऊन माहितीपत्रक वाचले आणि उत्साह ओसरला. डब्याशी संवाद साधणारा भाग कर्नलमध्ये असतो. (कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्या मधला मुख्य कारभारी.) बोर्डाबरोबर आलेल्या तयार कर्नलमधून नेमका तोच भाग वगळलेला आहे. म्हणजे कर्नल आपण बांधणे आले.

“भाऊजींना एक फोन केलात तर चुटकीसरशी होईल,” सौ. म्हणाली.

“मला बेरीज येते ना? मग बघू.”

“आणि संशयही येतो,” असे पुटपुटत आत गेली. ऐकू आले.

९ नोव्हेंबर, शनिवार

कर्नल बांधण्यापूर्वी तो आपल्याला प्रश्न विचारतो. हजारो! प्रत्येकाचे उत्तर होय, नाही, किंवा ‘सुटा तुकडा करून ठेव, लागला तर जोडू’. असा प्रश्नसंच आयुष्यात माझ्यापुढे कोणी ठेवला नव्हता. संगणकावरच्या खेळांची काठी, जॉयस्टिक? नाही. हौशी रेडिओ? नाही. टीव्हीचा अँटेना? नाही. कधीही न पाहिलेल्या कंपनीचे टचस्क्रीन? मुळीच नाही! मालवाहतूक कंपनीत पंचवीस वर्षे हिशेब तपासल्याचे आज सार्थक झाले.

दुपारी सौ. दारात येऊन काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, “नाही.” तो चहा होता. गेला.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिला कर्नल तयार झाला. बोर्डावर चढवला. बोर्ड ढिम्म! पडदा काळाकुट्ट.

संध्याकाळी उलगडा झाला. प्रोसेसरांची कुळे असतात. माझा लॅपटॉप एका कुळाचा, बोर्ड दुसऱ्या कुळाचा; एकासाठी बांधलेल्या कर्नलचे एक अक्षर दुसऱ्याला कळत नाही. कोणत्या कुळासाठी बांधायचे हे आधी सांगावे लागते. न सांगितल्यास कर्नल ज्या यंत्रावर बांधला त्याच कुळाचा होतो. मी गृहीत धरले. मी! गृहीत धरणाऱ्यांना ऑफिसात मेमो देणारा मी!

रात्री बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवले.

“बातमी वाचतोयस की ताळेबंद?” म्हणाले. “डबा बरा होता. निदान प्रश्नचिन्ह आलं की आवाज चढवायचा.”

१३ नोव्हेंबर, बुधवार

“धाकट्याला विचारलंस?”

“गरज नाही, बाबा.”

“तुला नसेल. मला आहे ना.”

हे लागले. ते हल्ली डब्याशेजारी खुर्ची ओढून बसतात. हात त्याच्यावर ठेवून. नुसते.

जुन्या कर्नलची सगळी उत्तरे धाकट्याने एका फाइलमध्ये जपली होती. ती बाबांच्या पेनड्राइव्हवर मिळाली. कोणाची फाइल वाचणे म्हणजे त्याला विचारणे नव्हे. याबाबत माझे मन पूर्ण स्वच्छ आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

धाकट्याची फाइल पाया म्हणून घेतली. या वेळी कूळ अचूक सांगितले. नव्या कुळाचे म्हणून जे जास्तीचे प्रश्न आले, त्यांतले जे नाव ओळखीचे वाटले नाही त्याला ‘नाही’. नियम म्हणजे नियम.

बोर्ड सुरू झाला! पडद्यावर अक्षरे धो धो वाहू लागली. मी सौ.ला हाक मारली, तिने पदराला हात पुसत येऊन पाहिले, म्हणाली, “वा! आणि डबा?”

डबा मुका.

बाबा आतून — “काय झालं रे?”

“थोडंसं राहिलंय.”

“मग विचार की त्याला!”

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून दोन्ही उत्तरपत्रिका ओळीने पडताळल्या. जेवायला दोनदा हाक आली म्हणे.

चूक सापडली, आणि ती शंभर टक्के माझी आहे. फाइलमध्ये सिरियल पोर्टच्या चालकापुढे (म्हणजे पोर्ट चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामपुढे) ‘होय’ होते, म्हणून मी निर्धास्त राहिलो. पण तो होय जुन्या कुळातल्या पोर्टाचा. नव्या कुळात तेच काम करणारा चालक निराळ्याच नावाने नांदतो. कर्नलने मला त्याच्याविषयी स्वतंत्रपणे, अगदी अदबीने विचारले होते — आणि अनोळखी नाव दिसताच मी शिक्का मारून मोकळा झालो. बाबांच्या डब्याचे तोंड मीच माझ्या हाताने बांधले!

एक ‘नाही’ बदलून ‘होय’ केले. पुन्हा बांधायला लावला आहे. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावतो आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिस. जीव घरी.

२० नोव्हेंबर, बुधवार

बोलला!! केबल जोडली, बोर्ड चालू केला, आणि डबा पडद्यावरची पहिली ओळ खणखणीत वाचू लागला. सौ.ने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, “आता दारावर पाटी लावा — इथे सर्व कुळांचे कर्नल बांधून मिळतील.” मी हसलो. खरे तर तासाभरापूर्वी माझ्याही मनात तेच आले होते.

बाबांना खुर्चीत बसवले. बोटांनी बोर्ड चाचपला.

“एवढासा?”

“एवढाच.”

“आणि हे तू केलंस? सगळं?”

“सगळं.”

“धाकट्याला न विचारता?”

“एका शब्दानेही नाही!”

बाबांनी बोर्डावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, “कमाल आहे तुझी.” आणि चेहरा दुसरीकडे वळवला. इतके भारावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात मधल्या सुट्टीत प्रोसेसरांच्या कुळांवर थोडे विवेचन केले. रोखपाल उठून गेला. बाकीच्यांना आवडले असावे.

२४ नोव्हेंबर, रविवार

जुना संगणक भंगारात द्यायचा म्हणून उघडला. मदरबोर्ड शाबूत. मेमरीची पट्टी तेवढी जागेवर नव्हती; तिच्याविना संगणक नुसता बीप बीप करतो. ती आपोआप गळून पडणारी वस्तू नाही. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून काढावी लागते.

पेटी तशीच उघडी ठेवून बाबांच्या खोलीत गेलो. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी उशीखालून रुमालाची घडी काढली आणि पुढे केली. पट्टी आत.

“पट्टी मीच चाचपून काढली. मास्तर म्हणतो म्हणून दुरुस्तीवाला बिचारा खोटं बोलला, त्याला रागावू नकोस,” म्हणाले. “मला वाटलं, डबा बंद पडला की तू झक मारत धाकट्याला फोन करशील. दुसरी वाटच ठेवली नव्हती मी. तू कर्नल बांधायला बसशील, हे कुणाच्या बापाला ठाऊक!”

म्हणजे इतके दिवस डब्यावर हात ठेवून बसत होते, ते —

ओसरीवर जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“दादा? काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” मी म्हणालो. “पक्के लबाड आहेत, पण बरे आहेत.”