कर्ज? बिलकुल न्हाई!

१ जून १९५१, सकाळी
आमच्या शरयूचं नाव पुण्याच्या मेडिकल कॉलेजात लागलं! जिनिंग फॅक्टरीत पेढे वाटले. मॅनेजरसाहेबांना बातमी इंग्रजीतून दिली. त्यांनी अभिनंदन मराठीतून केलं.
फी आणि होस्टेल मिळून सहाशे रुपये, वीस तारखेपर्यंत. शिल्लक अडीचशे. बायको, उमा, म्हणाली, कर्ज काढा. मी म्हणालो, कर्ज? बिलकुल न्हाई. हेडक्लार्क वामनरावांनी कुणापुढं हात पसरल्याचं जालन्यात कुणी ऐकलंय?

४ जून
चहा सोडला. रोजचे दोन आणे वाचतात. हिशेब केला: साडेतीनशे जमायला पावणेआठ वर्षं.
दुपारी डोकं दुखलं. चहा घेतला.

६ जून
शरयू म्हणाली, अण्णा, आपले निजामी हाली रुपये पुण्यात चालत न्हाईत, तिथं भारत सरकारचे कलदार लागतात. सहाशे कलदार म्हणजे सातशे हाली.
पोरगी गणितात हुशार. माझ्यावर गेली.
म्हणजे कमी साडेचारशे.

९ जून
युक्ती सुचली. केदारखेड्याचे काकासाहेब, मोठे बागायतदार, माझे जुने स्नेही. त्यांना मागायचं न्हाई. आमरसाला बोलवायचं आणि पुण्याची गोष्ट काढायची. मंग तेच म्हणतील, वामनराव, संकोच करू नका. याला कर्ज म्हणत नाहीत, आग्रह म्हणतात.
मात्र गरजू दिसता कामा नये. शेजारच्या तुळजाबाई सराफाघरच्या. त्यांची चांदीची ताटं मागून आण म्हणालो. उमा नुसती बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

१२ जून, जेवणं झाल्यावर
काकासाहेब आल्ते. सात वाट्या रस. रिकामं ताट उलटं करून पाहिलं नि म्हणाले, वामनराव, तुमचं झकास चाललंय की! मी म्हणालो, चाललंय आपलं.
मंग जवळ सरकले. त्यांच्या मुलाला, शरदचंद्राला, वकिलीला मुंबईला जायचंय, जमीन रग्गड पण रोकड न्हाई. तुमच्यासारख्याकडं न्हाई मागायचं तर कुणाकडं?
चांदीच्या ताटावर बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. अडीचशे दिले. व्याज नको म्हणालो.
उमा भांडी जोरात आपटून राह्यलीय. शरयूनं कॉलेजचं पत्र घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं. बेटा, आठ दिवस आहेत अजून, म्हणालो. हो अण्णा, म्हणाली. वर बघितलं न्हाई.

१७ जून
उमा ताटं परत द्यायला गेल्ती. दीड तासानं आली ती सहाशे रुपये घेऊन. कलदार! तुळजाबाई म्हणाल्या म्हणे, अगं येडे, ताटं न्यायला आल्तीस तेव्हाच पैसे मागायचे की, घासायचं तरी वाचलं असतं!
मी जामीन राहायला पेन घेऊन गेलो. तुळजाबाई म्हणाल्या, तुमची सही नको वामनराव, तुम्ही मागेल त्याला देता. उमाचा शब्द बस झाला.
भला माणूस म्हणून आपली कीर्ती आहे.

१९ जून, स्टेशनवरून आल्यावर
शरयू मनमाडच्या गाडीनं गेली. खिडकीतून वाकून पाया पडायला बघत होती, कपाळ आपटलं. हसली. माझ्या डोळ्यांत इंजिनाचा कोळसा गेला. दोन्ही डोळ्यांत.
माझं तत्त्व टिकलं. कर्ज मी काढलं न्हाई, उमानं काढलं.
फेड मात्र माझ्या चहातून सुरू. साखरेचा डबा तिच्या ताब्यात. रोज दोन आणे, सातशे हाली. हिशेब केला: पंधरा वर्षं चार महिने.