चौथा मुद्दा

बाबा, आज सीतादही केलं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, दहीभात ठेवला, हात जोडले आणि बायांना म्हटलं, लागा कामाला. सातबाऱ्यावर नाव माझं आहे. तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता, का गालातल्या गालात हसला असता, काही सांगता येत नाही. तुमचं कधीच सांगता आलं नाही, म्हणून तर एवढ्या वर्षांनी लिहायला बसले.

नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, त्यानंतरची ती सत्तावन सालची निवडणूक. तुम्ही आमदारकीला उभे राहिलात, कोणत्या पक्षातून नाही, एकटेच. निशाणी तराजू. मी सासर सोडून आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. 'दिल्या घरी मर' असं बाकीचे बाप म्हणायचे. तुम्ही स्वतः बैलगाडी जुंपून मला न्यायला आलात, रस्ताभर एक अक्षर विचारलं नाही, आणि मुकुटबनच्या बाजारात गाडी थांबवून जिलबी घेतलीत. भाऊबंद कुजबुजले तेव्हा म्हणालात, "लेक माही आहे, दावणीची गाय नाही." आता अशा माणसाचा जाहीरनामा कसा असावा, सांगा बरं?

सकाळी तुम्ही चुलीपाशी पाट टाकून बसता, आई भाकरी थापते आहे, तुम्ही सांगता ते मी मांडीवर फळी घेऊन लिहिते आहे. पेन तुम्हीच आणलेलं, मी मॅट्रिक झाले तेव्हा, यवतमाळहून. "बाईच्या डोक्यात उतरलं तं बाजारात उतरते," हा तुमचा नियम, म्हणून मुद्दे आधी आम्हा दोघींना ऐकवायचे. पहिला मुद्दा, जमिनीला सरकारनं मर्यादा घालू नये. ज्यानं राखली त्याची ती. दुसरा, सामुदायिक शेती नको. "दोन जावांची चूल एक होत नाही, अन् हे गावाची शेती एक करून राह्यले!" तिसरा, दारूबंदी ढिली करू नये. त्याला आईनं दोनदा मान डोलावली. मग चौथा. नव्या कायद्यानं लेकीला बापाच्या जमिनीत हिस्सा दिला, तो नको. शेताचे तुकडे होतात, बहीणभाऊ वैरी होतात. माझा हात तिथेच थांबला.

"काहून थांबली?"

"शाई संपली."

तुम्ही स्वतः उठून दौत आणलीत, पेन उघडलंत, आणि काठोकाठ भरलेल्या पेनातली शाई तुमच्या बोटांवरून धोतरावर उतरली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चुलीकडे पाहत राहिले. आई म्हणाली, "निशाणी तराजू, अन् लेकीचं पारडं रिकामं. वा रे न्याय!" "तुले राजकारण समजते काय?" म्हणून तुम्ही तिच्यावर खेकसलात, आणि चौथा मुद्दा तुमच्या वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतःच लिहिलात.

मग बाजाराच्या दिवशीची सभा. बैलगाडीवर उभे राहून तुम्ही बोलता आहात, मी मागे पत्रकं घेऊन बसले आहे. चौथा मुद्दा झाला आणि तांड्यावरची एक म्हातारी, कोपरापर्यंत बांगड्या घातलेली, उभी राहिली. "पाटील, लेक तं तुमच्या मांगं बसली. तिले काय देता?" तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. "माह्या लेकीले काय कमी आहे? माहं घर तिचंच नाही काय? तुकडा कायले पाह्यजे तिले?" टाळ्या पडल्या. घर माझं म्हणे! भावाचं लग्न ठरलं होतं. उद्या वहिनी येणार, परवा तुम्ही नसणार, मग त्या घरात मी कोण? मागून खाणारी नणंद. चारचौघांत माझाच दाखला देऊन टाळ्या घेतल्यात, बाबा. मला इतका राग आला की पत्रकं मांडीखाली दाबून बसले, एकही वाटलं नाही.

मतदान शाळेत होतं. पडद्यामागे ज्याच्या त्याच्या निशाणीची वेगळी पेटी, आणि तुमच्या तराजूला कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं. मी बराच वेळ उभी राहिले, इतका की बाहेरून मास्तर ओरडले, "बाई, झालं का नाही?"

तुम्ही सपाटून पडलात. निकालाच्या दिवशी जेवताना हसून म्हणालात, "घरचंच मत गेलं, बाहेरच्यायले काय बोल लावू?" मी तुमच्या ताटात वरण वाढलं. पुढे पाहुणे आले, निवडणुकीचा विषय निघाला, की हेच वाक्य. हसायचात, पण माझ्याकडे न पाहता. मी ताटात आणखी वरण वाढायची.

सात वर्षांनी तुम्ही गेलात. तेरवी झाली आणि भावानं हक्कसोडीचा कागद पुढे ठेवला. "सही कर, बाई. साऱ्याच बहिणी करतात. बाबा काय म्हणत होते, आठवते ना?"

"आठवते. मीच लिहून घेत होती."

सही केली नाही. त्या कायद्यानंच पाच एकर मिळालं. दोन वर्षं भाऊ बोलला नाही; तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, तेवढं खरं. आता पेरणीला त्याचेच बैल येतात.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या हातच्या चौथ्या मुद्द्याचा कागद माझ्या पेटीत आहे, त्याच्याच घडीत ठेवून देईन. पण त्याआधी राहिलेलं सांगते. त्या दिवशी पडद्यामागे मी मत तुमच्याच पेटीत टाकलं होतं. चौथ्या मुद्द्यासकट. त्या बैलगाडीसाठी, त्या जिलबीसाठी. एका शब्दानं सांगता आलं असतं. बाजारातल्या त्या उत्तराची शिक्षा म्हणून सांगितलं नाही, तुम्ही जाईपर्यंत.

शिक्षा जास्त झाली, बाबा.