अतुपेलेची शिफारस

अकोला, ४ जून

ती. सुभद्रा आत्यास,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

हल्ली तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की वसतिगृहातल्या मुली हसतात; म्हणून पत्र. इकडे सगळे ठीक. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाबा अजून माझा पदवीचा फोटो दाखवतात. घरात पहिलीच पदवीधर ना! मला लाज वाटते, पण थोडीच.

एक काम आहे. माझ्या एम.एस्सी.च्या वर्गातली अतुपेले टांझानियाची. तिचा तुरीचा प्रयोग अमरावतीजवळच्या शेतावर आहे. पेरणीआधी तिला तिथे खोली हवी. ज्या ज्या घरमालकाकडे गेली, त्याने तिला पाहताच खोली गेल्याचे सांगितले. हंगाम चुकला तर शिष्यवृत्ती संपेल आणि पदवी अर्धी टाकून परत जावे लागेल.

तुझी वरची खोली देशील? अतुपेले फार स्वच्छ आहे. हळू बोलते. वडील मुख्याध्यापक, घर चांगले. रात्री बाहेर जात नाही, खोलीत मांसमच्छी शिजवणार नाही. कोणी काही म्हटले तर मी जबाबदार.

आठवण ठेव, रागव, पण उत्तर दे.
तुझी,
वर्षाली

अमरावती, १० जून

चि. वर्षालीस,
अ. उ. आ.

तुह्यं पत्र भेटलं. खोली रिकामीच आहे. पण एक सांग पोरी. मागच्या साली प्राजक्ताले पाठवलं तवा तू एवढंच लिहलं होतं, का माही मैत्रीण येऊन राहिली, चावी देजो. तिचा बाप काय करते, ती आंघोळ करते का नाही, काही लिहलं नाही. अन् ती बया दर रविवारी मच्छी तळे!

मंग हिचीच एवढी वकिली काहून? मले वाटलं, काहीतरी खोट असन. तू काय लपवून राहिली? खरं लिही, मंग पाहू.

अंगाले जप, जेवत जाय.
तुही आत्या,
सुभद्रा

अकोला, १५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून आधी तुझाच राग आला. उत्तर जुळवायला बसले, तर लपवलेले काही सापडेना. स्वच्छ आहे, हळू बोलते, हे मी कोणासाठी लिहिले? तू तर काही विचारलेच नव्हते. प्राजक्ताबद्दल जे मी न सांगताच धरून चालले, ते अतुपेलेने सिद्ध करावे असे मला वाटले. ज्या घरमालकांना मी नावे ठेवत होते, त्यांच्यासारखीच माझीही नजर आधी तिच्या रंगावर गेली. मी फक्त गोड शब्दांत लिहिले, आणि त्यानेच तुझ्या मनात संशय घातला.

अतुपेलेला सगळे सांगितले. ती म्हणाली, नाही म्हणणाऱ्यांना निदान मनात शिव्या देता येतात; हमी देणाऱ्यांचे आभार मानावे लागतात, त्याने जास्त थकायला होते. मग तिने विचारले, मी रात्री बाहेर जात नाही हे तुला कोणी सांगितले? तिने मला पटकन माफ केले नाही, आणि मैत्रीही तोडली नाही. संध्याकाळी नेहमीसारखी चहाला आली. इतके सरळ वागणे मला जमेल तेव्हा मी खरी शिकले म्हणेन.

लपवलेले काही नाही, आत्या. ती माझी मैत्रीण आहे, तिला खोली हवी आहे. आता तू ठरव.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
वर्षाली

अमरावती, २ जुलै

चि. वर्षालीस,
अ. उ. आ.

अतु आली. पेरणी झाली तिची.

तुले म्हणून सांगतो. ती दारात आली तवा माहा हात आपोआप कपाटाच्या कुलपाकडे गेला. तिनं पाह्यलं. मले मेल्यावानी झालं. तिनं बॅग ठेवली अन् पाणी मागतलं. पाणी देता देता म्या म्हटलं, चुकलं माहं. तर म्हणे, आत्या, कुलूप लावाच, माह्या बॅगले पण लावतो. लय तिखट पोरगी आहे! मले आवडली.

तू लिहलेलं निम्मं खोटं निघालं. सकाळी एवढ्या जोरानं गाते का मलेही ऐकू येते. भांडी दुपारपर्यंत तशीच. मी बोलतो, तर ती उलटून बोलते. माह्या वरणात पाणीच जास्त, म्हणे. तिच्या गावाले तूर नारळाच्या दुधात शिजवतात, ते करून दाखवलं. म्या दोनदा वाढून घेतलं, पण तिले चांगलं म्हटलं नाही.

काल गल्लीतल्या बायांनी इचारलं, पोरगी कशी आहे. म्या म्हटलं, भांडते. बाकी काही सांगतलं नाही.

सुखात राय.
तुही आत्या,
सुभद्रा